प्रेसिडिओ काउंटी, टेक्सास : एवढ्याशा गावात एवढे मोठे कोर्टहाउस कशासाठी, आणि आत नेमके चालते काय?

मुशाफिर :

नमस्कार. मागील महिन्यात एल पासोहून बिग बेंड या राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना वाटेत मार्फा या गावी आम्ही दोन तास थांबलो होतो. एल पासोपासूनचे अंतर सुमारे 190 मैल आहे. शेवटचा तासभर पिवळे गवत, तारेचे कुंपण आणि रस्त्याला समांतर धावणारा लोहमार्ग यांखेरीज डोळ्यांना काहीही दिसत नाही, आणि मध्येच कालविभाग बदलल्यामुळे घड्याळही एक तास पुढे करावे लागते. अशा माळरानात वसलेल्या, जेमतेम 1,800 वस्तीच्या गावाचा मुख्य रस्ता सरळ जाऊन एका तीन मजली, फिकट गुलाबी, घुमटाच्या इमारतीच्या दारात संपतो. तेच प्रेसिडिओ काउंटीचे कोर्टहाउस. इमारत 1886 सालची आहे, उतरत्या उंच छपरांची आहे आणि घुमटाच्या टोकावर न्यायदेवतेचा पुतळा आहे, एवढे तिथेच समजले.

माझा गोंधळ दाराजवळच्या सूचनाफलकापासून सुरू झाला. फलकावर 'कमिशनर्स कोर्ट'च्या येत्या बैठकीची कार्यसूची लावलेली होती आणि अध्यक्ष म्हणून 'काउंटी जज' असा उल्लेख होता. कोर्ट आणि जज असे दोन्ही शब्द असल्यामुळे मी खटल्यांची यादी शोधू लागलो. परंतु विषय होते बिलांना मंजुरी, रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरची दुरुस्ती, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आणि शेरीफच्या खात्यासाठी वाहन. एकाही खटल्याचा त्यात मागमूस नव्हता.

तेव्हा जाणकारांना विचारतो : हे न्यायालय आहे की स्थानिक सरकार? काउंटी म्हणजे जिल्हा असे आपण सहज म्हणून टाकतो, मग येथे जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून नेमलेला कोणी अधिकारी असतो का? आणि आणखी एक. नकाशावर पाहिले तर याच काउंटीत नदीकाठी प्रेसिडिओ नावाचे गाव आहे आणि ते मार्फापेक्षा मोठे दिसते. काउंटीला नाव एकाचे आणि कोर्टहाउस दुसरीकडे, असे का?

दूरचा शेजारी :

मी गेली अनेक वर्षे पश्चिम टेक्सासमध्येच राहतो. तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण येथे जन्मलेल्या लोकांचाही तो होतो.

कमिशनर्स कोर्ट हे नावाने कोर्ट असले तरी कामाने काउंटीचे कारभारी मंडळ आहे. टेक्सासच्या 1876च्या राज्यघटनेत त्याची रचना ठरवून दिलेली आहे आणि राज्यातील सर्व 254 काउंट्यांना ती सारखीच लागू होते, मग ती लाखोंच्या वस्तीची ह्यूस्टनची हॅरिस काउंटी असो किंवा 2020च्या जनगणनेत केवळ 64 माणसे भरलेली लव्हिंग काउंटी असो. काउंटीचे चार प्रिसिंक्ट, म्हणजे मतदारविभाग, पाडतात. प्रत्येक विभागातून एक कमिशनर निवडून येतो आणि पाचवा सदस्य म्हणजे सगळ्या काउंटीने निवडलेला काउंटी जज. हे पाच जण मिळून अंदाजपत्रक मंजूर करतात, मालमत्ता कराचा दर ठरवतात, काउंटीचे रस्ते, तुरुंग आणि इमारती सांभाळतात. दुष्काळात वणव्याचा धोका वाढला की उघड्यावर जाळण्यास बंदी घालण्याचा आदेशही हेच मंडळ काढते आणि तो एका वेळी जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. तुम्ही पाहिलेली कार्यसूची म्हणजे ग्रामीण काउंटीच्या महिन्याचा प्रामाणिक जमाखर्चच होय.

काउंटी जज मात्र खरोखरच दोन टोप्या घालतो. सकाळी तो बैठकीचे अध्यक्षपद भूषवतो, आणि मोठ्या शहरी काउंट्यांत असतात तशी वेगळी न्यायालये जेथे स्थापन झालेली नाहीत, तेथे दुपारी तोच न्यायासनावर बसून मृत्युपत्रांची शाबिती, पालकत्वाचे अर्ज आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकेल असे कनिष्ठ दर्जाचे फौजदारी खटले ऐकतो. त्याने वकील असलेच पाहिजे अशी अट नाही. त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी, एवढीच राज्यघटनेची अपेक्षा आहे, आणि ती माहिती आहे की नाही हे मतदार ठरवतात. ग्रामीण भागात गुरेपालन करणारे, शिक्षक किंवा दुकानदार या पदावर निवडून आल्याची उदाहरणे मुबलक आहेत.

वरून नेमलेला अधिकारी तर येथे शोधूनही सापडणार नाही. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), काउंटी अॅटर्नी (काउंटीचा वकील), काउंटी क्लार्क, खजिनदार, कर आकारून वसूल करणारा अधिकारी, जस्टिस ऑफ द पीस (सर्वांत खालच्या पायरीचा न्यायाधीश) आणि कॉन्स्टेबल या सर्वांना लोक चार वर्षांसाठी थेट निवडून देतात. याचा परिणाम असा होतो की काउंटी जज हा शेरीफचा वरिष्ठ नसतो. शेरीफच्या खात्याला पैसे किती द्यायचे हे कमिशनर्स कोर्ट ठरवू शकते, परंतु त्याने कोणाला पकडावे आणि आपले काम कसे चालवावे हे सांगू शकत नाही. एकाच छताखाली सात-आठ स्वतंत्र संस्थाने नांदतात असे म्हटले तरी चालेल. भांडणे होतात ती अंदाजपत्रकाच्या दिवसांत.

आणखी एका गोष्टीचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. टेक्सासच्या काउंटीला राज्याने जेवढे अधिकार स्पष्टपणे दिले आहेत तेवढेच असतात. शहराबाहेरच्या जमिनीवर कोणी काय बांधावे, याचे नियमन करण्याचा सर्वसाधारण अधिकार काउंटीला नाही. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कमिशनर अगदी सहानुभूतीने ऐकून घेतो आणि बहुतेक वेळा हात जोडून परत पाठवतो.

नकाशावेडी :

कारभाराविषयी वर चांगले लिहिले गेले आहे. मी मार्फा आणि प्रेसिडिओ या प्रश्नापुरते लिहिते, कारण त्याचे उत्तर भूगोलात आणि रेल्वेत आहे.

प्रेसिडिओ काउंटीची कागदोपत्री निर्मिती 1850 साली बेक्सार काउंटीतून झाली, पण प्रत्यक्ष कारभार सुरू व्हायला 1875 उजाडले आणि त्या वेळी मुख्यालय होते फोर्ट डेव्हिस. हे लष्करी ठाणे डोंगरांच्या कुशीत होते, जवळ पाणी होते, सॅन अँटोनिओहून एल पासोकडे जाणारा गाडीरस्ता तेथूनच जात होता. मुख्यालयासाठी त्याहून योग्य जागा त्या काळी नव्हती. पुढे लोहमार्ग आला. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ 1883च्या जानेवारीत पेकॉस नदीच्या मुखाजवळ जोडले गेले, आणि या मार्गाने फोर्ट डेव्हिसचे डोंगर टाळून दक्षिणेकडचे सपाट पठार पसंत केले होते. इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी त्या पठारावर जे थांबे झाले त्यांपैकी एक म्हणजे मार्फा. दोन वर्षांतच, 1885 साली, काउंटीचे मुख्यालय फोर्ट डेव्हिसहून 21 मैलांवरच्या या नव्या गावी हलले आणि पुढच्याच वर्षी तुम्ही पाहिलेले कोर्टहाउस उभे राहिले. गाव जेमतेम उभे राहत असताना एवढी मोठी इमारत बांधणे हा निव्वळ डामडौल नव्हता. मुख्यालय आता येथून हलणार नाही, हे विटा आणि दगडांत लिहून ठेवण्याचा तो प्रकार होता, आणि जे गाव नुकतेच दुसऱ्याकडून मुख्यालय घेऊन आले आहे त्याला ही धास्ती सर्वांत जास्त असते.

फोर्ट डेव्हिसच्या लोकांनी हार मानली नाही, हा या कथेतला माझा आवडता भाग आहे. 1887 साली त्यांच्या बाजूचा प्रदेश तोडून जेफ डेव्हिस ही स्वतंत्र काउंटी झाली आणि फोर्ट डेव्हिस पुन्हा मुख्यालय झाले. त्याच वर्षी पूर्वेकडचा भाग तोडून ब्रूस्टर, ब्यूकेल आणि फोली अशा आणखी तीन काउंट्या पाडल्या गेल्या. त्यांपैकी ब्यूकेल आणि फोली दहा वर्षेही टिकल्या असे म्हणवत नाही, कारण 1897 साली त्या ब्रूस्टरमध्ये विलीन झाल्या. आज त्यांची नावे जुन्या नकाशांवरच भेटतात. आजच्या प्रेसिडिओ, जेफ डेव्हिस आणि ब्रूस्टर या तिन्ही काउंट्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर ते 12,000 चौरस मैलांहून अधिक भरते. 1887 पूर्वी एवढ्या प्रदेशाचा कारभार एका मुख्यालयातून चालत होता, तोही घोड्यावरून.

राहिलेली प्रेसिडिओ काउंटीसुद्धा काही लहान नाही : 3,856 चौरस मैल आणि 2020च्या जनगणनेनुसार 6,131 माणसे. या काउंटीचे दोन स्वभाव आहेत. मार्फा समुद्रसपाटीपासून सुमारे 4,700 फुटांवर, गवताळ पठारावर आहे. तेथील रात्री उन्हाळ्यातही सुखाच्या असतात. तेथून 67 क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला निघाले की चांदीच्या खाणींसाठी एके काळी गजबजलेले आणि 1942 साली खाण बंद झाल्यावर ओस पडलेले शाफ्टर लागते, पश्चिमेला 7,728 फूट उंचीचे चिनाती शिखर दिसते आणि 60 मैलांत सुमारे 2,000 फूट उतरून रस्ता रिओ ग्रांदेच्या काठी प्रेसिडिओला पोहोचतो. पठारावर स्वेटर घालून निघालेला माणूस तेथे उतरताच सावली शोधू लागतो. प्रेसिडिओजवळ मेक्सिकोतून येणारी कोंचोस नदी रिओ ग्रांदेला मिळते. एल पासोपासून येथवर येता येता रिओ ग्रांदे इतकी रोडावलेली असते की पुढे बिग बेंडमध्ये जे पाणी दिसते ते बहुतांशी कोंचोसचेच असते. म्हणूनच या संगमाच्या दोन्ही काठांवर शेती आणि वस्ती फार जुनी आहे. पलीकडे मेक्सिकोतील ओहिनागा आहे आणि मध्ये पूल आहे.

म्हणजे माणसे पाण्याकाठी आणि कचेरी लोहमार्गाकाठी, अशी ही विभागणी आहे. प्रेसिडिओची लोकसंख्या 3,264 आणि मार्फाची 1,788, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. परंतु मुख्यालय हलवणे लोकसंख्येच्या हिशेबाने आपोआप होत नाही; त्यासाठी काउंटीतील मतदारांचे मतदान घ्यावे लागते. काउंटीच्या भौगोलिक मध्यापासून पाच मैलांच्या आत असलेले मुख्यालय हलवायचे तर दोन तृतीयांश मते हवीत, आणि दूरचे मुख्यालय मध्याजवळ आणायचे तर साधे बहुमत पुरे, अशी राज्यघटनेतली तरतूद आहे. एकोणिसाव्या शतकात प्रवासाचे मोजमाप घोड्याच्या चालीने होत होते, हे त्या पाच मैलांच्या अटीवरून चटकन ध्यानात येते.

मुशाफिर :

दोघांचेही मनापासून आभार. नकाशावेडी यांचा प्रतिसाद वाचल्यावर ती इमारत मला वेगळीच दिसू लागली आहे. दोन उपप्रश्न आहेत. एक, गंभीर गुन्ह्यांचे खटले मग कोठे चालतात? आणि दोन, न्यायदेवतेच्या हातात तराजू नव्हता. तेथे भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की कोणा गुराख्याने 'या काउंटीत न्याय नाही' असे ओरडत गोळी झाडून तो पाडला. हे खरे मानावे का?

दूरचा शेजारी :

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे, परंतु ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. शंभर-सव्वाशे वर्षे वारा, गारा आणि विजा सोसणाऱ्या पुतळ्याच्या हातातून तराजू पडायला गुराख्याची गरज नाही. तरीही गोष्ट टिकली आहे, कारण ती सांगणाऱ्या प्रत्येकाचा कधी ना कधी त्या इमारतीत एखादा खटला हरलेला असतो.

गंभीर गुन्हे, मोठ्या रकमांचे दावे, घटस्फोट आणि जमिनीच्या मालकीचे वाद डिस्ट्रिक्ट कोर्टात जातात. येथे 'डिस्ट्रिक्ट' हा शब्द पुन्हा फसवतो, कारण तो काउंटीपेक्षा मोठा आहे. प्रेसिडिओ, ब्रूस्टर, जेफ डेव्हिस, कल्बर्सन आणि हड्स्पेथ या पाच काउंट्यांना मिळून 394वे डिस्ट्रिक्ट कोर्ट आहे. न्यायाधीश एक आणि कोर्टहाउसे पाच. त्यामुळे न्यायाधीश ठरलेल्या दिवशी त्या त्या गावी जातो आणि तेथील दुसऱ्या मजल्यावरचे मोठे दालन त्या दिवसापुरते जागे होते. इतर दिवशी तेच दालन रिकामे असते आणि पाहुण्यांना हळूच दार ढकलून आत डोकावता येते. उंच छत, लाकडी बाके, ज्यूरीच्या बारा खुर्च्या, आणि खिडकीतून थेट माळरान.

या सर्वांच्या तळाशी जस्टिस ऑफ द पीस असतो, आणि ग्रामीण काउंटीत माझ्या मते तो सर्वांत कमी लेखला जाणारा माणूस आहे. वाहतुकीचे दंड आणि 20,000 डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे तो पाहतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मोठ्या शहरांत असतो तसा वैद्यकीय परीक्षक जेथे नाही तेथे अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशीही त्यालाच करावी लागते. त्यालाही वकिलीची किंवा वैद्यकाची पदवी लागत नाही. रात्री दोन वाजता फोन येतो, 50 मैलांवर गाडी उलटलेली असते, आणि मृत्यूचे कारण आणि वेळ कागदावर लिहून शवविच्छेदन करायचे की नाही हे त्याच माणसाला टॉर्चच्या उजेडात ठरवावे लागते. प्रेसिडिओ गावासाठी वेगळा जस्टिस ऑफ द पीस आहे, हे बरेच आहे. अन्यथा प्रत्येक वेळी मार्फाहून 60 मैल उतरावे लागले असते.

जुनी दप्तरे :

माझा व्यवसाय जमिनीच्या मालकीहक्काचा शोध घेण्याचा आहे, त्यामुळे माझी हयात काउंटी क्लार्कच्या कचेऱ्यांत गेली आहे. कोर्टहाउसची चर्चा न्यायासनाभोवतीच फिरते आहे म्हणून तळमजल्याविषयी चार शब्द लिहितो, कारण सामान्य माणसाचे पाय खऱ्या अर्थाने तेथेच लागतात.

काउंटी क्लार्ककडे खरेदीखते, गहाणखते, बोजे, गुरांवरच्या मालकीच्या डागांची नोंद, विवाहाचे परवाने, जन्ममृत्यूची नोंद आणि कमिशनर्स कोर्टाची इतिवृत्ते असतात. डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे डिस्ट्रिक्ट कोर्टाचे खटले असतात. मोठ्या काउंटीत ही दोन वेगळी पदे असतात. 8,000 पेक्षा कमी लोकसंख्या असलेल्या काउंटीत मात्र एकच व्यक्ती दोन्ही पदे सांभाळू शकते आणि प्रेसिडिओत तसेच आहे. एकाच खिडकीवर नवदांपत्य परवाना मागत असते आणि मागे उभा असलेला माणूस घटस्फोटाचे कागद घेऊन आलेला असतो.

येथील जमिनीची भाषा वेगळी आहे. टेक्सास 1845 साली अमेरिकेत सामील झाले तेव्हा त्याने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली, त्यामुळे पश्चिमेच्या इतर राज्यांप्रमाणे येथे केंद्र सरकारची जमीन फारशी नव्हती. पुढे लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना मोबदला म्हणून जमीन देण्यात आली : एक मैल गुणिले एक मैल, म्हणजे 640 एकरांचे चौकोन आखायचे आणि त्यातला एक कंपनीला, शेजारचा राज्याच्या शाळा निधीला. काउंटीचा जमिनीचा नकाशा उघडला तर तो बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. नदीकाठी मात्र हा पट मोडतो. तेथे जुन्या वहिवाटीच्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत आणि खरेदीखतात लांबी फुटांत नसून वारा या स्पॅनिश मापात असते. टेक्सासमध्ये एक वारा म्हणजे सव्वातेहेतीस नव्हे, 33⅓ इंच. हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु याच चुकीमुळे एका रँचचे कुंपण नको तेथे गेलेले मी स्वतः पाहिले आहे. 1890च्या सुमाराच्या एका दस्तात सीमेची खूण म्हणून 'मेलेल्या कॉटनवूडजवळचा दगडांचा ढीग' असे लिहिले होते. ते झाड तेव्हाच मेलेले होते, आणि शंभरावर वर्षांनी आम्ही दोघे-तिघे ओढ्याच्या पात्रात तो ढीग शोधत हिंडत होतो.

जुनी पुस्तके कॅनव्हासच्या कव्हरची, वीस-पंचवीस पौंड वजनाची असतात. ती लोखंडी रुळांच्या कप्प्यांत आडवी ठेवलेली असतात, ओढून तिरप्या मेजावर घ्यायची आणि उभ्यानेच वाचायची. विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. आता बरेचसे संगणकावर आले आहे, परंतु सूचीतील आडनावाचे स्पेलिंग शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले आहे, आणि स्पॅनिश नावांच्या बाबतीत तर एकाच कुटुंबाची चार स्पेलिंगे शोधावी लागतात. एका कचेरीत (काउंटीचे नाव घेत नाही) एक पान चुकीच्या खंडात शिवले गेल्यामुळे माझा पक्षकार आठ महिने खोळंबला होता.

परखड :

सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण थोडे रम्य झाले आहेत असे वाटते म्हणून विरोधी सूर लावतो. वकील नसलेला माणूस मृत्युपत्राचा निवाडा करतो, वैद्य नसलेला माणूस मृत्यूचे कारण लिहितो, आणि 6,000 लोकांसाठी डझनभर निवडून दिलेले अधिकारी पोसले जातात. हे सर्व 1876 साली घोड्याच्या वेगाने ठरलेले आहे. पाच काउंट्यांचे एक डिस्ट्रिक्ट कोर्ट चालू शकते, तर पाच काउंट्यांची मिळून एक काउंटी का चालू नये? शिवाय 'चार कमिशनर, चार विभाग' ही व्यवस्था न्याय्य आहे असे सर्वांनी गृहीतच धरले आहे. मिडलंड काउंटीत काय झाले होते ते विसरू नये.

दूरचा शेजारी :

परखड यांनी मिडलंडचा उल्लेख केला हे उत्तम झाले. पश्चिम टेक्सासमधल्याच त्या काउंटीत मिडलंड शहराची जवळजवळ सगळी, म्हणजे काउंटीची सुमारे 95 टक्के, वस्ती एकाच प्रिसिंक्टमध्ये कोंबलेली होती आणि उरलेल्या मूठभर लोकांकडे तीन कमिशनर होते. त्या वेळचे समर्थन असे होते की कमिशनरांचे मुख्य काम ग्रामीण रस्त्यांचे आहे, मग शहराला जास्त मते कशाला? 1968 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एव्हरी विरुद्ध मिडलंड काउंटी या खटल्यात हे अमान्य केले आणि प्रिसिंक्टांची लोकसंख्या साधारण सारखी असली पाहिजे असा निर्णय दिला. त्या हिशेबाने प्रेसिडिओ काउंटीत प्रत्येक कमिशनरमागे सुमारे 1,500 माणसे येतात, आणि निम्म्याहून अधिक वस्ती प्रेसिडिओ गावात असल्यामुळे नदीकाठच्या लोकांचा आवाज मंडळात आपोआप मोठा होतो. कोर्टहाउस मार्फात असले तरी मतांचे वजन खाली आहे, ही गोष्ट येथे येणाऱ्या पर्यटकांच्या लक्षात सहसा येत नाही.

वकिलीच्या अटीबद्दल मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. गुंतागुंतीचा मृत्युपत्राचा वाद निर्माण झाला तर वकील नसलेला काउंटी जज तो डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे पाठवू शकतो, आणि पक्षकाराने मागणी केली तर त्याला तसे करावेही लागते. त्यामुळे धोका वाटतो तेवढा नाही. मृत्यूच्या चौकशीबाबत मात्र माझ्याकडे समर्थन नाही. शवविच्छेदनासाठी मृतदेह दूरच्या शहरी पाठवावा लागतो, त्याचा खर्च काउंटीच्या तिजोरीतून जातो, आणि तिजोरीत काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसाकडून तो निर्णय निर्लेप मनाने होईल अशी अपेक्षा करणे अवघड आहे.

तिजोरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो की मोठे क्षेत्रफळ म्हणजे मोठे उत्पन्न नव्हे. काउंटीचा मुख्य आधार मालमत्ता कर. गुरे चारण्याच्या जमिनीची आकारणी बाजारभावाने न होता तिच्या शेतकी उत्पन्नावरून होते, आणि वाळवंटी माळावर एका गाईला अनेक एकर लागत असल्यामुळे हा आकडा फारच लहान असतो. त्यात बिग बेंड रँच स्टेट पार्कची 3,00,000 एकरांहून अधिक जमीन राज्याच्या मालकीची असून तिचा बहुतेक भाग याच काउंटीत आहे. राज्याच्या जमिनीवर खाजगी जमिनीसारखा कर बसत नाही. तेथे हरवलेल्या गिर्यारोहकाला शोधायला मात्र शेरीफच्या माणसांना जावे लागते.

नकाशावेडी :

काउंट्या एकत्र करण्याच्या सूचनेवर एवढेच लिहिते की परखड यांनी एकदा काँदेलारियाला जाऊन यावे. रिओ ग्रांदेच्या काठाने प्रेसिडिओहून वर जाणारा 170 क्रमांकाचा डांबरी रस्ता सुमारे 48 मैलांवर या खेड्यात संपतो. पुढे डांबर नाही. तेथील एखाद्या बाईला ज्यूरीचे बोलावणे आले तर तिला आधी खाली प्रेसिडिओ आणि मग वर मार्फा असा 100 मैलांहून अधिक प्रवास करावा लागतो. जवळचा मार्ग हवा असेल तर वाटेतल्या रुइदोसा या खेड्याहून पिंटो कॅन्यनमधून चढायचे, जेथे मधला पट्टा कच्चा आहे, ओढ्याच्या पात्रातून जातो आणि पावसानंतर ग्रेडर फिरेपर्यंत साध्या गाडीला दाद देत नाही. मुशाफिर यांनी फलकावर वाचलेली ग्रेडरची दुरुस्ती या बाईच्या दृष्टीने कोर्टात वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न आहे. ज्यूरीच्या पहिल्या दिवसाचे 20 डॉलर मिळतात. तेवढे पेट्रोल जाण्यातच संपते. पाच काउंट्यांची एक काउंटी करून मुख्यालय समजा शेजारच्या ब्रूस्टर काउंटीतल्या अल्पाइनला नेले तर तिच्या वाट्याला मार्फापुढे आणखी 26 मैल येतील.

मुशाफिर :

मार्चमध्ये पुन्हा त्या बाजूला जाण्याचा विचार आहे. या वेळी कमिशनर्स कोर्टाची बैठक असेल त्या दिवशी मार्फात थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी 170ने काँदेलारियापर्यंत जाऊन यायचे असे ठरवतो आहे. बैठकीला बाहेरच्या माणसाला बसता येते का?

दूरचा शेजारी :

अवश्य बसता येते. बैठका कायद्याने खुल्या असतात, कार्यसूची आधी जाहीर करावी लागते आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, वकिलाचा सल्ला अशा मोजक्या विषयांसाठीच दार बंद करता येते. मागच्या बाकावर शांतपणे बसा. बैठक संपल्यावर जिन्याने घुमटापर्यंत चढून जा. मुख्य रस्ता, लोहमार्ग आणि उत्तरेला फोर्ट डेव्हिसचे डोंगर एका नजरेत दिसतात. काँदेलारियाला निघण्यापूर्वी मात्र प्रेसिडिओत पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप नाही.